खुलासा : 'बॅक इन ब्लॅक' अल्बममध्ये बॉन स्कॉट गायलेला नाही

नाशिकच्या रॉकप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडबद्दल एक मेसेज फिरतोय : 'एसी/डीसीचा मूळ गायक बॉन स्कॉट, "बॅक इन ब्लॅक" गाऊन तो गेला आणि बँड संपला.' हे साफ चुकीचं आहे. मूळ गायक डेव्ह इव्हान्स. स्कॉट १९७४ मध्ये आला. अर्थात बँडला ओळख मिळाली ती स्कॉटच्याच आवाजामुळे, हे खरं. १९ फेब्रुवारी १९८० रोजी तो लंडनमध्ये वारला. त्याच वर्षी जुलैत आलेला 'बॅक इन ब्लॅक' अख्खा नव्या गायकाने, ब्रायन जॉन्सनने गायलाय. काळंभोर कव्हर, सुरुवातीलाच संथ घंटेचे टोल : मित्राच्या जाण्याचं दुःख बँडने असं मांडलं. मला ते आजही हलवतं. जॉन्सनसह त्यांनी २०२० मध्येही अल्बम काढला. ग्रुपवर ही दुरुस्ती कृपया टाका.