आउटरला उभा संगणक

ज्या माणसाने चौतीस वर्षे भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात बसून इतरांच्या गाड्या मार्गी लावल्या, त्याला स्वतःच्या घरातला एक डबा मार्गी लावता येऊ नये, यात त्या डब्याचा हेतू शुद्ध नव्हता असे माझे मत आहे.

आमचा संगणक रीतसर बंद करून पुन्हा चालू केला, तर सुतासारखा सरळ चालू होई. ‘रिस्टार्ट’ केला की मात्र पडदा काळा होई आणि डाव्या कोपऱ्यात, अगदी वर, एक बारीकशी पांढरी रेघ लुकलुकत राही. स्टेशन दिसते आहे, सिग्नल मात्र मिळत नाही, अशी ती आउटरला उभी राहिलेली गाडी. बरे, हे नेहमीच होई असेही नाही. कधी चार-चार दिवस तो गुणी बाळासारखा वागे आणि नेमका विजेचे बिल भरायच्या वेळी, विंडोजने अपडेटसाठी रिस्टार्ट मागितला की रेघ दाखवी. शेवटी सौभाग्यवतींनी ‘कोणीही रिस्टार्टला हात लावायचा नाही’ असा फतवा काढला.

मी शास्त्रशुद्ध तपास सुरू केला. घड्याळ अचूक वेळ दाखवत होते, म्हणजे मदरबोर्डवरची तीन व्होल्टची चपटी बॅटरी शाबूत होती. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात नातवाच्या खोडरबरने घासले. पंख्यावरची धूळ झाडली. ती इतकी निघाली की आत संगणक कमी आणि खानदेश जास्त होता. तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, “अण्णा, त्याले ऊन लागलं असंल. कांदा ठेवा जवळ.” मे महिना होता, पारा पंचेचाळिसाच्या वर होता, त्यामुळे हा सल्ला मी पूर्णपणे उडवून लावला असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

अखेर डबा रिक्षात घालून दुकानात नेला. तिथल्या पोराने तो सहा वेळा रिस्टार्ट केला आणि सहाही वेळा तो ताडकन उठला. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरणारी मुले मी पाहिली होती. यंत्र प्रथमच पाहिले. “काका, मशीनले काहीच नाही झालं, तुमच्या घरची लाइट खराब असंल,” तो म्हणाला. ज्या गावाच्या शेजारी दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र धडधडते, तिथल्या विजेवर हा आरोप! मी डबा उचलला. घरी आल्यावर पहिल्याच रिस्टार्टला रेघ लुकलुकली.

त्या रात्री लोडशेडिंग संपल्यावर अंधाऱ्या खोलीत बसलो असताना मला रेघेखेरीज आणखी एक दिवा दिसला. टेबलामागे मुलीच्या लग्नाचे फोटो साठवलेली यूएसबी हार्ड डिस्क पडून असते, तिचा तो निळा दिवा होता. दुकानात नेला होता तो नुसता डबा. ही बया घरीच होती! मी ती उपटली, रिस्टार्ट केला आणि गाडी धाडकन फलाटावर आली. फोटो पाहायचे असले की डिस्क लावलेली असे, नसले की नसे. आमच्या अवसे-पुनवेचे गणित एवढेच होते.

मग बायोसमध्ये, म्हणजे संगणक चालू होताच विंडोज कोणत्या डिस्कवर शोधायचे ते ठरवणाऱ्या व्यवस्थेत, शिरलो. काही महिन्यांपूर्वी एका कारागिराने पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने घातले होते. त्यासाठी त्याने ‘आधी यूएसबी’ असा क्रम लावला आणि तो तसाच सोडून घरी गेला. संगणक पूर्ण बंद असताना त्या डिस्कचीही वीज तुटे, चालू करताना तिला फिरून वेग घ्यायला काही सेकंद लागत आणि तेवढ्यात बायोस तिला वगळून आतल्या डिस्ककडे वळे. रिस्टार्टमध्ये मात्र यूएसबीची वीज तुटत नाही. ती फिरतच असे, हजेरीला पहिली उभी राही, आणि बायोस तिच्याकडे विंडोज मागत बसे. तिच्याकडे होते काय, तर वरात आणि पंगत. म्हणजे सांधा इटारसीकडे लावलेला आणि मी नागपूरच्या गाडीची वाट पाहत बसलेलो!

आतली डिस्क पहिल्या क्रमांकावर आणली, बदल जतन केला, निळ्या दिव्याची डिस्क मुद्दाम पुन्हा जोडली आणि लागोपाठ सात वेळा रिस्टार्ट केला. सातही वेळा गाडी वेळेवर आली. आठव्या वेळी हात पुढे केला, तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, आता तरी त्याले जरा बसू द्या!”