ओट्याखालचे गोदाम

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीने नुकतेच एक परिपत्रक काढले आहे. सुका कचरा यापुढे महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, सकाळी सात ते आठ या वेळेतच उचलला जाईल. तोपर्यंत तो प्रत्येक सभासदाने धुऊन, वाळवून, प्रकारवार वेगळा करून आपल्या सदनिकेतच ठेवावा. जिन्यात, लिफ्टसमोर किंवा पार्किंगमध्ये पिशवी आढळल्यास पाचशे रुपये दंड आकारला जाईल, असा त्याचा आशय आहे. खाली अध्यक्षांची आणि सचिवांची सही असून तळाशी ‘आपले घर, आपली जबाबदारी’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. त्यानंतर जो तिसरा शनिवार आला, त्या दिवशी कंत्राटदाराची गाडीच फिरकली नाही. त्यामुळे या विषयातला माझा अभ्यास अपेक्षेपेक्षा बराच वाढला असून, वन बीएचकेत राहणाऱ्या वाचकांनाही त्याचा लाभ व्हावा या हेतूने काही सूचना येथे करीत आहे.

सर्वप्रथम जागेचा विचार करावा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार, जेवणाची जागा वेगळी असलेल्या घरात स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटरचे आणि किमान १.८ मीटर रुंद असावे लागते. आमचे बिल्डर कायद्याचा अतिशय आदर करणारे गृहस्थ असल्यामुळे त्यांनी त्याहून एक फरशीही जास्त दिलेली नाही. या जागेत ओटा, सिंक, फ्रिज, एक लागलेला आणि एक भरलेला असे दोन सिलिंडर, पाण्याचा फिल्टर, मिक्सर, भांड्यांच्या ट्रॉल्या आणि स्वयंपाक करणारे एक माणूस एवढे बसवून झाले की जी जागा उरेल ती सुक्या कचऱ्याची समजावी. काहीच उरत नसेल तर या यादीतले काय कमी करता येईल ते पाहावे. माझ्या मते स्वयंपाक करणारे माणूस कमी करण्यास हरकत नाही.

सिंकखालची जागा सर्वांनाच सुचते; तेथे काय गळते हेही सर्वांना ठाऊक आहे.

ज्यांच्याकडे ड्राय बाल्कनी आहे त्यांनी स्वतःला भाग्यवान समजून वॉशिंग मशीनच्या डोक्यावर पोती रचावीत, आणि धुणे लावायच्या दिवशी ती उतरवून, मशीन चालवून, पुन्हा चढवावीत. व्यायामशाळेची वर्गणी वाचते.

आता वर्गीकरण. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या कचऱ्याचे ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन वाटे केले होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार केले आहेत. वर्गीकरण झालेच पाहिजे, आणि त्याविरुद्ध तक्रार करणाऱ्यांतली मी नव्हे. डबे तीनाचे चार झाले, चौरस मीटर मात्र पाचच राहिले, एवढीच एक नोंद करून ठेवते. विशेष काळजीच्या कचऱ्यात बंद पडलेले बल्ब, रंगाचे डबे, फुटलेला थर्मामीटर आणि मुदत संपलेली औषधे येतात. त्यांची विशेष काळजी घ्यावी.

दुधाच्या पिशव्यांचे शास्त्र स्वतंत्र आहे. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, एका बाजूने चिकटलेलाच ठेवावा, कारण तो इवलासा त्रिकोण कोणाच्याही वेचणीत येत नाही आणि वाहत जाऊन गटारात अडकतो. ही सूचना मी उपरोधाने करीत नाही. नंतर पिशवी उलटी करून साबणाने धुवावी, कारण सायीचा थर नुसत्या पाण्याने निघत नाही, आणि ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळत ठेवावी. आमच्या सासूबाई चाळीत राहत होत्या तेव्हापासून हेच करीत आल्या आहेत. फरक इतकाच की त्या काळी भंगारवाला दारात येऊन, वजन करून, चार पैसे हातावर ठेवून पिशव्या नेत असे. आता तशी आशा कागदावर आहे. राज्य शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली तेव्हा दुधाच्या पिशवीवर तिची परतीची किंमत छापावी आणि ती ५० पैशांहून कमी नसावी, असे त्यात म्हटले होते. आपण धुतलेल्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन दूधवाल्याकडे जावे आणि पिशवीमागे पन्नास पैसे मागावेत. तो ज्या नजरेने आपल्याकडे पाहील ती कोणत्या डब्यात टाकायची, याबद्दल परिपत्रकात मार्गदर्शन नाही.

पावसाळ्यात पिशव्या वाळत नाहीत. पावसाळ्यात दूध पिऊ नये.

काचेच्या बरण्या आणि सॉसच्या बाटल्या हल्ली भंगारवालाही नाकारतो, तेव्हा त्या माळ्यावर चढवाव्यात आणि घर विकताना नव्या मालकास सप्रेम द्याव्यात.

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची खोकी चिकटपट्टी काढून, सपाट करून फ्रिजमागे उभी करावीत. पुठ्ठ्याच्या थरांमधल्या पोकळ्यांत झुरळे फार सुखाने नांदतात. घरात लहान मुले असल्यास त्यांना निसर्गाचे निरीक्षण करता येते.

यानंतर वेष्टनांकडे वळू. वेफर्स, फरसाण, बिस्किटे, नूडल्समधली मसाल्याची पुडी, शाम्पूची पुडी, या सर्वांचे बाहेरून रंगीत आणि आतून चंदेरी असे जे वेष्टन असते, ते हाताला एकच वाटले तरी त्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर आणि अनेकदा मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा असतो, आणि हे सारे एकमेकांना असे चिकटवलेले असते की ते पुन्हा सुटे करणे कोणालाही परवडत नाही. म्हणून रद्दीवाला ते घेत नाही, भंगारवाला ते घेत नाही, आणि कचरा वेचणारी बाई पोत्यात हात घालून आधी ते बाजूला काढते. वाचकाने मात्र ते धुवावे. आतले तेल आणि तिखट निघेपर्यंत धुवावे, कारण न धुतल्यास दुसऱ्याच दिवशी मुंग्यांची रांग लागते. मग कात्रीने उभे कापून, पुसून, वाळवून, घड्या घालून एका पिशवीत ठेवावे, आणि ती पिशवी पहिल्या शनिवारी अशा कोणाच्या तरी हवाली करावी ज्याला तिचे काहीच करता येणार नाही. यात पाणी किती गेले आणि कोणाचा वेळ गेला, असे प्रश्न विचारू नयेत. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत, ज्याचे पुनर्चक्रण होत नाही असे बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करावे, असे सरळ वाक्य होते. ते नियम मार्च २०१६ मध्ये आले, म्हणजे दोन वर्षे मार्च २०१८ मध्ये भरली. आपल्या राज्याची प्लास्टिकबंदी जाहीर झाली ती त्याच महिन्याच्या २३ तारखेला, आणि २७ तारखेला दिल्लीतून त्या सरळ वाक्यात दुरुस्ती झाली. ‘पुनर्चक्रण न होणारे’ या शब्दांपुढे ‘किंवा ऊर्जा न मिळणारे, किंवा दुसरा काही उपयोग नसणारे’ अशी शेपटे जोडली गेली. भट्टीत घातले की ऊर्जा मिळतेच, तेव्हा वेष्टन सुटले. मंडईत मेथीची जुडी प्लास्टिकच्या पिशवीत दिली म्हणून भाजीवालीला दंड झाला आणि वेष्टनाच्या कारखान्याला पळवाट मिळाली, आणि या दोन्ही गोष्टी आपण एकाच वर्षी पाहिल्या. पुढे २०२२ मध्ये उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे बाजारात आणलेल्या वेष्टनांच्या कचऱ्याची जबाबदारीही उत्पादकानेच घ्यावी अशी, मार्गदर्शक तत्त्वे आली. ती चांगलीच आहेत. परंतु त्यांत उत्पादकाला स्वतः एकही वेष्टन गोळा न करता, दुसऱ्याने केलेल्या पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे विकत घेऊन आपला हिशेब जुळवता येतो. मला प्रमाणपत्र विकत घेता येत नाही. मला रात्री साडेदहा वाजता, भांडी झाल्यावर, पाच रुपयांच्या पुडीचा चंदेरी कागद दोन बोटांनी उलटा करून घासावा लागतो, कारण ज्याने तो बनवला त्याच्या कारखान्यात त्यासाठी जागा नाही आणि माझ्या पाच चौरस मीटरांत ती आहे, असे सर्वांनी मिळून गृहीत धरले आहे.

असो. सूचनांचा सूर सोडून चालणार नाही.

पाहुण्यांना घरी बोलावू नये; ते येताना मिठाईचा खोका आणतात.

हे सर्व काम घरातील सर्वांनी वाटून घ्यावे, असे समितीच्या बैठकीत सुचवण्यात आले. सुचवणारे सभासद आपल्या घरातला सुक्या कचऱ्याचा डबा कोणत्या रंगाचा आहे हे सांगू शकले नाहीत, परंतु त्यांनी ठराव मात्र अतिशय मुद्देसूद मांडला. सूचना क्रमांक किती झाल्या ते मी मोजलेले नाही, पण ही त्यांतली महत्त्वाची आहे: वर्गीकरणाचे नियम ठरवणारी व्यक्ती आणि सिंकपाशी उभी राहणारी व्यक्ती कधीही एक असू नये, नाहीतर नियम सोपे होण्याचा धोका असतो.

शेवटी सुपूर्द करण्याचा विधी. पहिल्या शनिवारी सात वाजता मी कागद, पुठ्ठा, कडक प्लास्टिक आणि पिशव्या अशी चार पोती घेऊन खाली उतरले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे दुखतात म्हणून त्यांचीही दोन पोती मीच घेतली होती. कंत्राटदाराच्या मुलाने ती सर्व पोती एकामागोमाग एक टेंपोत भिरकावली, आणि ती जाऊन पडली भिजलेल्या गाद्या, नारळाच्या करवंट्या आणि कोणाच्या तरी ओल्या कचऱ्याच्या ढिगावर. मी विचारले, “अरे, हे वेगळं करून आणलंय ना?” तो म्हणाला, “काकू, आम्हाला एकच गाडी दिलीय.” त्याला मी काय बोलणार? त्याच्या हातात मोजेही नव्हते.

तेव्हा आता सूचना पुरे झाल्या, आणि ज्यांना बोलायचे त्यांच्याशीच बोलते.

समितीतील सभ्य गृहस्थहो, दोनशेहून अधिक सदनिका असलेल्या किंवा ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या गृहसंकुलात कचऱ्याचे वर्गीकरण, साठवण आणि प्रक्रिया यांसाठी वेगळी जागा राखून ठेवावी, असे २०१६ च्याच घनकचरा नियमांत लिहिलेले होते. आपल्या संकुलात दोनशेहून अधिक सदनिका आहेत. मंजूर नकाशात मागच्या फाटकाजवळ अशी एक खोली दाखवलेली आहे, ती बांधलेलीही आहे, आणि तिचे कुलूप मी रोज पाहते. तिच्यात उत्सवाच्या मंडपाचे बांबू, बंद पडलेली ट्रेडमिल, जुन्या कार्यालयाचे टेबल आणि कोणाच्या तरी घरातला सोफा आहे. म्हणजे तुमचे भंगार ठेवायला सोसायटीची खोली, आणि सोसायटीचा कचरा ठेवायला माझा ओटा! हे परिपत्रक लिहिताना तुमच्यापैकी एकालाही त्या खोलीची आठवण झाली नाही, यावर माझा विश्वास नाही.

त्याच नियमांत रहिवासी संघांनी वेगळा केलेला, पुन्हा वापरात येणारा माल अधिकृत कचरावेचकांच्या किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यांच्या हाती द्यावा, असेही होते. आपल्याकडे दोन बायका रोज दारावर येत होत्या. प्लास्टिक हातात घेताच ते कोणत्या ढिगात जायचे हे त्यांना कळत असे, आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्यामुळे कोणाच्याही घरात सुका कचरा दोन दिवसांहून जास्त राहिला नव्हता. सुरक्षिततेचे कारण सांगून तुम्ही त्यांना फाटकाबाहेर थांबवले आणि दरमहा थोडे पैसे वाचवण्यासाठी कंत्राटदार आणला. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना स्थापन झाली ती अशाच बायकांची, आणि पुढे तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद शहरभर दारोदार कचरा गोळा करू लागल्या. म्हणजे हे काम नीट कसे होते ते आपल्याच राज्यात करून दाखवलेले आहे. त्यासाठी कोणाला परदेशी अभ्यासदौऱ्यावर जायची गरज नाही. तुम्ही मात्र ज्यांना हे काम येत होते त्यांना घालवले, ज्यांना येत नाही त्यांना आणले, आणि मधला सगळा भार प्रत्येक घरातल्या एका बाईच्या डोक्यावर टाकून त्याला जबाबदारी असे नाव दिले.

आणि सभासदहो, तुमचेही कौतुक करण्यासारखे काही नाही. वार्षिक सभेत हा विषय निघाला तेव्हा तुम्ही चहाकडे पाहत होतात. तुमच्यातले काही जण रात्री अकरानंतर पिशवी घेऊन फिरायला जातात आणि कोपऱ्यावरच्या रोहित्राखाली ती ठेवून हात झटकत परत येतात, हेही मला माझ्या खिडकीतून दिसते. लाज वाटू द्या. ज्यांची घरे तीन खोल्यांची आहेत त्यांना हा प्रश्न अजून पोचलेला नाही, म्हणून तो नाही असे होत नाही.

ती खोली उघडा. बांबू गच्चीवर न्या, सोफा ज्याचा असेल त्याच्या दारात ठेवा, त्या दोन बायकांना सन्मानाने परत बोलवा आणि माल विकून येणारे पैसे त्यांचेच राहू द्या. रोज सकाळी दोन तास दार उघडे ठेवायचे, चार मोठी पिंपे, एक वजनकाटा, पाण्याचा एक नळ आणि त्यांच्या हातांसाठी मोजे, एवढेच लागते. त्याहून जास्त खर्च तुम्ही दर दिवाळीत फाटकावरच्या माळांवर करता. हे तुम्हाला जमत नसेल तर पदे सोडा. जमणारी माणसे या इमारतीत आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक या क्षणी सिंकपाशी उभ्या आहेत.