खारदुंगला दुसऱ्याच दिवशी? नका जाऊ

उन्हाळा लागला की आपल्या नागपूरच्या बायकर मंडळींत एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात असा: ‘दिल्लीमार्गे विमानानं लेह गाठा. दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची बाइक घेऊन जगातल्या सर्वांत उंच रस्त्यावर, खारदुंगलाला जा, संध्याकाळी खाली. वर मुक्काम नाही, म्हणून विरळ हवेचा त्रास नाही. अंग कसलेलं असेल तर भ्यायचं कारणच नाही. कापूर आणि ऑक्सिजनचा डबा जवळ ठेवा. बाइक दमली तर पेट्रोल वाढवून घ्या.’

गेल्या वर्षी आमच्या चौघांतल्या एकानं हे खरं मानलं, म्हणून लिहितो आहे.

वर मुक्काम नाही म्हणून त्रास नाही, हे अर्धं खरं आहे आणि तेवढंच घातक आहे. रात्री किती उंचीवर झोपलो याला फार महत्त्व असतं, हे बरोबर. पण मेसेज लिहिणारा लेहलाच विसरला! नागपूर साधारण 310 मीटरवर, लेह 3,500 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. म्हणजे विमानातून उतरलात तिथूनच कसोटी सुरू. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही लक्षणं बहुधा 6 ते 12 तासांनी दिसतात. पहिली दुपार मजेत जाते, रात्र तळमळत जाते, आणि नेमक्या त्या सकाळी हा मेसेज तुम्हाला बाइकवर बसवून 5,300 मीटरच्या वर पाठवतो.

आमचा मित्र रोज फुटाळ्यावर धावणारा. ‘पंचेचाळीस डिग्रीत गाडी चालवतो भाऊ, मला काय होतं’ म्हणत दुसऱ्या दिवशी एकटाच निघाला. खारदुंगलाच्या वाटेवरच्या साउथ पुल्लू तपासणी चौकीच्या अलीकडे एका वळणावर बाइकसकट आडवा झाला. वेग नव्हता म्हणून वाचला. जवानांनी खाली आणलं तेव्हा त्याला टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चार पावलं टाकता येत नव्हती. मेंदूला सूज येत असल्याची ती खूण. तोल गेलेला माणूस दुचाकीवर, एका बाजूला दरी. तो दिवस आठवला की आजही छाती धडधडते.

उन्हाची सवय इथे कामाची नाही. विरळ हवेत श्वास वाढतो, त्यानं रक्ताची आम्लता बिघडते, ती मूत्रपिंडं हळूहळू सावरतात. याला दिवस लागतात, आणि धावून ते लवकर होत नाही. उलट कसलेला माणूस डोकेदुखी अंगावर काढतो. अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी हीच सावरण्याची क्रिया लवकर घडवते. ती नागपुरातच डॉक्टरांना विचारून ठरवा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा.

कापराच्या वासानं नाक मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरनं पाच मिनिटांत रिकामा. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच उपाय, आणि तो डब्यापायी लांबतो.

पेट्रोल वाढवण्याचा सल्ला तर साफ उलटा. वर हवा कमी, म्हणून कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल आधीच जास्त झालेलं असतं. आणखी वाढवाल तर प्लग काळा होऊन गाडी बंद पडेल. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या मिश्रण स्वतःच जुळवतात, तरी खिंडीत ताकद बरीच घटतेच. मागे माणूस असेल तर पहिला-दुसरा गिअर धरून चला, उतारावरही.

‘सर्वांत उंच’ म्हणाल तर खिंडीतल्या पाटीवर 18,380 फूट होते, मोजणीत सुमारे 17,580 भरतात. लडाखमधलीच उमलिंगला खिंड त्याहून उंच, 19,024 फुटांवर आहे.

आम्ही उरलेले तिघं पहिले दोन दिवस लेहमध्येच पायी फिरलो. तिसऱ्या दिवशी निम्मूला सिंधू-झांस्करचा संगम पाहिला. तो लेहपेक्षा खाली आहे. चौथ्या दिवशी पहाटे निघालो, कारण दुपारी बर्फ वितळून रस्त्यावर पाणी वाढतं. साउथ पुल्लूला चहा घेतला, डोकं दुखतंय का ते एकमेकांना विचारलं, मग वर गेलो. चौथा मित्र तोवर नागपूरला घरी पोचला होता.