अप्रूव्हल आलं नाही अजून

डॉक्टर सकाळी सांगून जातात की आता घरी न्या, आणि संध्याकाळ झाली तरी आपण सामान बांधून बेडशेजारी बसलेलो, कारण काय तर इन्शुरन्सवाल्यांचं अप्रूव्हल आलं नाही. आईच्या वेळी हेच, सासऱ्यांच्या वेळी हेच, आणि काल परत तेच. बिलिंग काउंटरवाले म्हणतात कंपनीला विचारा, कंपनी म्हणते हॉस्पिटलने कागद पाठवले नाहीत, आणि मधल्या मधे आजारी माणूस ताटकळतोय. संताप होतो नुसता!!

हप्ता भरायचं मला अजिबात दुःख नाही. सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचं, किती चांगली कल्पना आहे ही. जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळात 1883 साली कामगारांसाठी आजारपणाचा विमा कायद्याने सक्तीचा झाला, ब्रिटनने 1948 मध्ये एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा सुरू केली, खर्च मुख्यतः करातून. तिथे वेटिंग लिस्ट लांब असतात, मान्य, पण निदान हॉस्पिटलमधून सुटताना बिलासाठी कुणाच्या होकाराची वाट बघत बसावं लागत नाही ना.

आणि पॉलिसी विकताना "सगळं कव्हर आहे", मग क्लेमच्या वेळीच सब-लिमिट (एकेका खर्चाला ठरलेली मर्यादा), को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा), वेटिंग पिरियड (सुरुवातीचा काळ, ज्यात काही आजारांचा क्लेम मिळत नाही) आठवतो. अरे मग सही घेतानाच तोंडाने सांगा की, वीस पानांत कुठेतरी बारीक अक्षरात काय लपवता??

काल शेवटी रात्री साडेनऊला सोडलं. दिवसभर आमचे पेशंट त्या बेडवर बसून "झालं का गं" एवढंच विचारत होते.