फेजुआदा उरल्यासुरल्यातून जन्मला नाही

“ब्राझीलचा राष्ट्रीय पदार्थ फेजुआदा गुलामांनी शोधला. मालक डुकराचं चांगलं मांस खायचे आणि कान, शेपटी, पाय फेकून द्यायचे. गुलामांनी ते काळ्या घेवड्यात शिजवलं.” ब्राझीलमधल्या गाइडपासून इन्स्टाग्रामच्या रीलपर्यंत सगळीकडे ही गोष्ट ऐकायला मिळते. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही.

“कान-पाय फेकून द्यायचे.” फेकणार कोण? मालक होते पोर्तुगीज, आणि पोर्तुगीज माणूस डुकराचे कान आजही आवडीने खातो. उत्तर पोर्तुगालच्या त्रास-उश-मोंतिश भागातल्या फेजुआदात ते मुद्दाम घालतात. आपल्या गोव्यातही घेवडा आणि चोरीस (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) घालून फेजुआदा होतो, आणि तो तिथे पोर्तुगीजांबरोबरच आला.

“गुलामांच्या वस्तीत जन्मला.” मळ्यावरच्या गुलामाचं रोजचं खाणं म्हणजे कसावाचं पीठ (ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो तोच), घेवडा आणि जमलं तर खारवलेल्या मांसाचा तुकडा. चार-पाच प्रकारच्या मांसाने भरलेलं पातेलं तिथे कुठून चढणार? ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली १८८८ साली. त्याच्या कितीतरी आधी, १८३३ मध्ये, ब्राझीलच्याच रेसिफे शहरातलं एक हॉटेल वर्तमानपत्रात फेजुआदाची जाहिरात करत होतं.

“मग आफ्रिकनांचं श्रेय काढून घेताय का?” उलट, श्रेय त्या गोष्टीनेच काढून घेतलंय. तिच्यात गुलामांच्या वाट्याला फक्त लाचारी येते. श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात राबणारे हात बहुतेक त्यांचेच होते, हे तर आहेच. पण आफ्रिकेहून आलेलं ज्ञान पाहायचं असेल तर ब्राझीलच्या बाईया राज्यात, साल्वादोर शहराच्या रस्त्यावर जा. तिथे आकाराजे नावाचा वडा मिळतो. चवळी भिजवायची, चोळून सालं काढायची, कांद्याबरोबर वाटायची, पीठ हलकं होईपर्यंत फेसायचं आणि लालभडक पाम तेलात तळायचं. मग वडा चिरून आत वातापा (पाव, कोळंबी आणि नारळाच्या दुधाचं घट्ट सारण), भेंडीचा कारुरू आणि सुकट भरायची. नायजेरियातल्या योरुबा लोकांचा ‘अकारा’ तो हाच. चवळी आफ्रिकेची, तेलाचं झाड आफ्रिकेचं आणि कृतीही तिथलीच. यात मालकाच्या ताटातलं उरलेलं काय आहे, दाखवा.

हे वडे गुलाम स्त्रिया डोक्यावर टोपली घेऊन विकत. ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, वर उरेल ते साठवायचं. त्या पैशांतून काहींनी स्वतःची सुटका विकत घेतली. कांदोंब्ले या आफ्रिकन मुळांच्या ब्राझिली धर्मात आकाराजे हा यान्सां देवीचा नैवेद्य आहे. म्हणूनच ती देवी न मानणारे काही इव्हँजेलिकल (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती) विक्रेते तोच वडा ‘येशूचा वडा’ म्हणून विकतात! पांढरे घेरदार झगे घालून तो विकणाऱ्या बायानांच्या, म्हणजे बाईयातल्या बायकांच्या, व्यवसायाला २००५ मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. २०१४च्या फुटबॉल विश्वचषकात स्टेडियमभोवती फेरीवाल्यांना मज्जाव होणार होता. बायाना फिफाशी भांडल्या आणि साल्वादोरच्या स्टेडियमवर आकाराजे विकायची परवानगी मिळवली.