विंड्रशच्या पाण्यावरून: एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लंडमधल्या विटनी गावच्या ब्लँकेटांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिता, "विटनीची ब्लँकेटं शुभ्र व्हायची ती विंड्रश नदीच्या पाण्यामुळे, हे रॉबर्ट प्लॉटने १६७७ सालीच सांगितलंय. लिहिण्याआधी थोडं वाचावं, निदान सालं तरी तपासावीत."

आधी साल. १७११ मध्ये राणी ॲनने ब्लँकेट विणकरांच्या कंपनीला सनद दिली. हाय स्ट्रीटवरचा ब्लँकेट हॉल १७२१ चा. या दोन सालांत माझी गल्लत झाली होती, लेखात सुधारली आहे. पण एका सालावरून कुणाचं वाचन काढायचं, ही कुठली रीत? मतभेद सांगायला हा सूर लागत नाही.

प्लॉट हा सतराव्या शतकातला निसर्गअभ्यासक, तो मी वाचलाय. विंड्रशच्या पाण्यात मळ काढणारा सोऱ्यासारखा क्षार असावा, हा त्याचा तर्क. त्या काळी पाण्यातले क्षार नेमके ओळखण्याची साधनं नव्हती. ही नदी कॉट्सवोल्डच्या चुनखडीतून येते, म्हणजे पाणी जड. लोकर धुण्या-रंगवण्यात माझी बावीस वर्षं गेली, जड पाणी मला कुणी शिकवू नये. त्यात साबणाचा फेस मरतो, कॅल्शियमचा चिकट साका धाग्यांत बसतो आणि लोकर करडी दिसते. जुने कारागीर तर तेल काढायला शिळं मूत्र आणि मुलतानी माती वापरत.

नदीचं खरं काम पाणचक्की फिरवण्याचं. तिच्यावर चालणारे जड लाकडी हातोडे ओलं कापड तासन्‌तास कुटत. लोकरीचे खवले एकमेकांत अडकून कापड आटायचं, दाट व्हायचं. म्हणून ते मागावर मुद्दाम जास्त रुंद विणत. कमी कुटलं तर वीण विरळ राहते, जास्त कुटलं तर पुठ्ठा होतो. मग उघड्यावर आकड्यांच्या चौकटींवर ताणून वाळवणं.

आणि पांढरेपणा गंधकाचा! ओलसर ब्लँकेटं बंद खोलीत टांगायची, खाली गंधक पेटवायचं. ओल हवीच, कोरड्या लोकरीवर तो धूर काम करत नाही.

कॅनडात कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या ब्लँकेटांवरच्या आखूड रेघांचं तुमचं वाक्य सोडून देतो. त्या आकार दाखवतात, बीव्हरच्या कातड्यांचा भाव नव्हे.

गंधकाची शुभ्रता टिकत नाही, उजेडात लोकर पुन्हा पिवळते. असं जुनं ब्लँकेट हाती आलंच, तर घडीच्या आतली बाजू बाहेरच्या बाजूशी ताडून पाहा.