बूस्टर म्हणजे टर्बो नव्हे

वाफेच्या इंजिनांबद्दलचा एक मजकूर सध्या खूप फिरतोय. बूस्टर हा त्या काळचा टर्बो होता, त्याने वेग आणि ताकद दोन्ही वाढत. सगळ्या अजस्र इंजिनांना तो असे. आणि डिझेल आलं म्हणूनच तो गेला, असं त्यात ठासून लिहिलंय. या इंजिनांवर जीव असणाऱ्याला हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी वेगाचं. बूस्टर म्हणजे दोन सिलिंडरचं छोटं वाफेचं इंजिन. ते सहसा भट्टीखालच्या मागच्या चाकांवर बसवत. ही चाकं एरवी नुसता भार पेलतात, ओढायला हातभार लावत नाहीत. जड गाडी जागची हलवताना वाफ मुबलक असते, कमी पडते ती रुळावरची पकड. जास्त वाफ सोडली की मुख्य चाकं जागच्या जागी गरगरतात. म्हणून मागच्या चाकांवरचं बिनकामाचं वजन कामाला लावायचं. टर्बो वाया जाणाऱ्या धुरावर चालतो. बूस्टर त्याच बॉयलरची ताजी वाफ खातो. वेग वाढला की मुख्य सिलिंडरांनाच वाफ पुरेनाशी होते, तिथे हा वाटेकरी कोणाला हवा?

अमेरिकी बूस्टरची रचनाच पाहा. ड्रायव्हर रिव्हर्सिंग लिव्हर (इंजिनाची दिशा आणि सिलिंडरांत वाफ किती वेळ सोडायची हे ठरवणारा दांडा) पूर्ण पुढे ठेवून त्यावरची खिटी उचले. बूस्टर आधी थोड्याशा वाफेवर सावकाश फिरे, मधलं दातेरी चाक झुलत येऊन आसावरच्या दातेरी चाकात बसे, आणि मगच पूर्ण वाफ मिळे. गाडीने वेग धरला की ड्रायव्हर लिव्हर मागे घेई, खिटी आपोआप पडे, बूस्टर सुटे. वेगासाठीचं यंत्र वेग येताच सुटेल असं कोण बनवेल?

ताकदीचं म्हणणं निम्मं खरं. न्यूयॉर्क सेंट्रल या अमेरिकी रेल्वेच्या १९३७ च्या जे-३ए हडसन इंजिनाची सुरुवातीची ओढ सुमारे ४३,४०० पौंड. बूस्टर त्यात १२,१०० ची भर घाले. ही भर मोठीच आहे, पण ती गाडी वेग धरेपर्यंतची. बॉयलर तोच, त्यामुळे धावत्या गाडीची अश्वशक्ती वाढत नसे.

अजस्र इंजिनांचं म्हणाल तर यूनियन पॅसिफिक रेल्वेच्या बिग बॉय या अजस्र इंजिनाला बूस्टर नव्हता. १६ चाकं ओढायला असताना त्याची गरजच नव्हती. हडसनला ओढणारी चाकं सहाच, म्हणून तिला तो उपयोगी. पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या दहा ओढत्या चाकांच्या जे-१ इंजिनाला तो होता हे खरं, पण ‘सगळ्या’ इंजिनांना नक्कीच नाही.

आणि डिझेल? ब्रिटनमध्ये एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) कंपनीने १९२५ साली १०० वाघिणींच्या कोळशाच्या गाड्यांसाठी बूस्टर लावलेली दोन पी-१ इंजिनं बांधली. १९३७-३८ मध्ये त्यांचे बूस्टर उतरवले, तेव्हा तिथे मुख्य मार्गांवर मालगाड्या वाफेवरच धावत होत्या. मागची चाकं वळणावर डावी-उजवीकडे सरकतात, म्हणून वाफेच्या नळ्यांना लवचिक सांधे द्यावे लागत, आणि ते सांधे गळत. वापर काही मिनिटांचा, देखभाल मात्र कायमची. शिवाय एवढ्या लांब गाड्या बाजूच्या रुळांवर मावतही नसत. बूस्टर काढल्यावरही दोन्ही पी-१ १९४५ पर्यंत सेवेत होती.